नागोजी अण्णांची पंचावन्न हजार कार्डं

नागोजी अण्णांशी माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून त्यांना पाच मिनिटं डेटाबेस म्हणजे काय हे समजावून सांगितलं. हिंदीत, सावकाश, हातवारे करून. ते समोरच्या लाकडी ड्रॉवरमधली कार्डं क्रमानं लावत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी कार्ड शोधता शोधता मान वळवली, मला पाहून दचकले, आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून मराठीत म्हणाले, "कधी आलात?"

मी म्हटलं, आत्ताच.

"सरी. मग स्वल्प या बाजूला येऊन बोला अक्का. तो कान बंद आहे." सरी म्हणजे बरं आणि स्वल्प म्हणजे जरा, हे मला नंतर कळलं.

मी चोवीस वर्षांची होते आणि ते छप्पन्न वर्षांचे. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मला अक्का म्हटलं. सुरुवातीला मला ते विचित्र वाटायचं. पुढं दुसऱ्या कुणी नावानं हाक मारली तर विचित्र वाटायला लागलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी नागपूरहून नोकरीसाठी बंगलोरला आले होते, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्यात. कारखान्यात लोखंड तापवून घणाखाली ठोकून त्याचे भाग बनवत. जिथं हे ठोकणं चालायचं ते फोर्ज शॉप, आणि त्याचा आवाज गेटबाहेरच्या इडलीच्या गाडीपर्यंत पोचायचा. मी कंप्यूटर विभागात होते. विभाग म्हणजे आमचे साहेब, मी, आणि एक वातानुकूलित खोली, जिची थंडी माणसांसाठी नाही असं साहेब वारंवार सांगत.

कारखान्याच्या दवाखान्यात दर कामगाराची वर्षातून एकदा कानाची तपासणी होत असे. तपासणीचं मशीन आल्यापासूनच्या बावीस वर्षांची सगळी कार्डं दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती. पंचावन्न हजार. दर कार्डावर दोन्ही कानांचे मिळून सोळा आकडे: कुठला आवाज किती मोठा केल्यावर माणसाला ऐकू आला. दवाखान्याला नुकताच एक पीसी मिळाला होता. त्या पीसीवर ही कार्डं चढवायची होती, आणि त्यासाठी डेटाबेसच्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती घ्यायची ते मी ठरवून साहेबांना कळवायचं होतं. त्या कार्डांचे मालक म्हणजे नागोजी अण्णा. म्हणजे मालक कारखानाच, पण हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांचं कुटुंब बंगलोरमध्ये कधी आलं हे त्यांना माहीत नव्हतं. "आलो असू की," एवढंच ते म्हणत. घर यशवंतपूरला, घाऊक बाजाराच्या मागं. घरात मराठी, दारात कन्नड. विशीत ते फोर्ज शॉपला लागले आणि दहा वर्षं मोठ्या घणावर होते. मग तपासणीचं मशीन आलं. ते चालतं का हे बघायला डॉक्टरांना एक माणूस हवा होता आणि त्या दिवशी अण्णांचा घण दुरुस्तीला निघाला होता. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मशीन बिघडलेलं आहे असं ठरवलं. दुसऱ्या माणसाला बसवल्यावर मशीन ठीक निघालं. अण्णांची बदली दवाखान्यात झाली ती अशी.

कान गेलेला माणूस कानांची तपासणी कशी करतो, असा प्रश्न नवीन माणसाला पडायचाच. अण्णा शांतपणे सांगत, "ऐकायचं काम त्यांचं. माझं लिहायचं."

तपासणीची एक छोटी बंद खोली होती, टेलिफोनच्या बूथएवढी. आत कामगार कानाला हेडफोन लावून बसायचा आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचा. बाहेर दिवा लागायचा. फोर्ज शॉपचे लोक या खोलीला घाबरत. कान गेला असं कार्डावर आलं, तर घणावरून काढतील आणि घणावरचा भत्ता जाईल, ही भीती. त्यामुळे ते अंदाजानं बटण दाबत. मी एकदा शेजारी उभी असताना हनुमंतप्पा नावाचा एक धिप्पाड माणूस आत बसला होता. दिवा लागला. पुन्हा लागला. पुन्हा लागला. अण्णांनी दार उघडलं आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडून म्हणाले, "अजून मी काही वाजवलंच नाही."

हनुमंतप्पा म्हणाला, "मला ऐकू आलं."

"सरी," म्हणून अण्णांनी दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा तो माणूस रडकुंडीला आला आणि खरं खरं बटण दाबायला लागला. दिवा फार कमी वेळा लागला. अण्णांनी आकडे लिहिले, आणि मग त्याला बाहेर बाकावर बसवून स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. कॉफी संपेपर्यंत दोघं एकमेकांशी ओरडून त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल बोलले. तो गेल्यावर मला म्हणाले, "खोटं लिहिलं तर आज त्याचं बरं होईल की. पण मग ते कार्ड कार्ड राहत नाही."

अण्णांचं दुसरं एक वाक्य साऱ्या कारखान्याला माहीत होतं: "लिहून द्या."

बहिऱ्या माणसानं असं म्हणणं स्वाभाविक आहे. पण गंमत अशी, की वरच्या लोकांच्या पुष्कळशा सूचना तोंडी द्यायच्याच असतात. लिहायला बसलं की त्या देणाऱ्यालाच नकोशा वाटतात. अमक्याची तपासणी यंदा राहू द्या. तमक्याच्या कार्डावर जरा सांभाळून लिहा. अण्णा कागद आणि पेन पुढं सरकवत. "ऐकू आलं नाही साहेब. लिहून द्या." साहेब उजव्या बाजूला येऊन पुन्हा सांगत. अण्णा दिलगिरीच्या चेहऱ्यानं म्हणत, "आज याही बाजूला कमी आहे." माझ्या माहितीत तरी कुणी कधी लिहून दिलं नाही.

आता आवृत्तीचं. सॉफ्टवेअर एकच, पण त्याच्या तीन आवृत्त्या होत्या: पर्सनल, प्रोफेशनल आणि एंटरप्राइझ. पर्सनल स्वस्त, पण तिच्यात ठरावीक माप भरलं की पुढं एक ओळ शिरत नसे. प्रोफेशनलमध्ये भरपूर मावायचं आणि ती साध्या पीसीवर चालायची, फक्त पीसीत आणखी मेमरी घालावी लागणार होती आणि मोठा शोध घेताना ती हळू चाले. एंटरप्राइझला मर्यादा जवळपास नव्हतीच, पण तिला वेगळा सर्व्हर लागायचा, म्हणजे वेगळं मोठं मशीन. ते ठेवायला जागा फक्त आमच्या थंड खोलीत.

मला एंटरप्राइझ हवी होती. कारण अगदी तांत्रिक होतं. त्या वर्षी बंगलोरमध्ये ज्याच्या अर्जावर त्या आवृत्तीचा अनुभव लिहिलेला असे, त्याला मुलाखतीचं बोलावणं येत असे. मी चार पानांची टिपणी लिहिली आणि एक प्रत अण्णांना वाचायला दिली. त्यांनी ती दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी मला उजव्या बाजूला बसवून विचारलं, "अक्का, हा सर्व्हर कुठं राहणार?"

"आमच्या खोलीत. मुख्य इमारतीत."

"किल्ली?"

"एक आमच्या साहेबांकडे. एक पर्सोनेलमध्ये. सगळ्या किल्ल्या तिथं असतातच."

"आणि माझ्याकडे?"

मी म्हटलं, तुमच्याकडे किल्लीची गरजच नाही, इथल्या पीसीवरून दिसेल सगळं. फक्त तशी परवानगी पर्सोनेलनं द्यायला हवी.

अण्णांनी माझी चार पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सरी. म्हणजे मला माझी कार्डं बघायला विचारायला लागणार." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्याच्या कानाचा आकडा लिहून घ्यावा तसं ते बोलले. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझी चार पानं माझ्या अर्जासाठी लिहिलेली आहेत हे दिसलं.

पर्सोनेलचे, म्हणजे कर्मचारी खात्याचे, मॅनेजर होते वरदराजनसाहेब. अतिशय सभ्य माणूस. ते इतक्या हळू बोलत, की चांगल्या कानाच्या माणसालाही पुढं वाकावं लागे. त्यांचं म्हणणं असं, की एवढं जुनं कशाला? गेल्या पाच वर्षांची कार्डं चढवावीत. पाच वर्षं पर्सनलमध्ये आरामात बसतात. जुनी कार्डं रद्दीत द्यावीत, खोली मोकळी होईल, तिथं वजनाचा काटा ठेवता येईल. हे त्यांनी मला त्यांच्या केबिनमध्ये सांगितलं. मला ते पटलंही. पाच वर्षांचा डेटा म्हणजे काही कमी नाही, असं कॉलेजात शिकलेलं मला आठवत होतं.

मी हे अण्णांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यासमोर खुर्ची फिरवून बसले. डावा कान माझ्याकडे. मी बोलणं थांबवलं. बऱ्याच वेळानं ते उठले, एका ड्रॉवरमधून एकाच माणसाची बावीस कार्डं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. माणसाचं नाव बसप्पा.

"वाचा," म्हणाले.

मी वाचली. पहिल्या कार्डावर त्याचे कान तुमच्याआमच्यासारखे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका आवाजाचा आकडा वाढलेला. मग दोन आवाजांचा. बाराव्या-तेराव्या कार्डापर्यंत बहुतेक सगळं गेलेलं. त्यानंतरच्या कार्डांवर जवळजवळ तेच तेच आकडे, कारण जायचं काही उरलंच नव्हतं.

अण्णांनी शेवटची पाच कार्डं बाजूला काढून माझ्यापुढं ठेवली. "ही पाच वर्षं बघा. पहिल्यात जेवढं, शेवटच्यात तेवढं. म्हणजे या माणसाला आमच्या कारखान्यात काय झालं? काही नाही." मग उरलेल्या सतरा कार्डांवर हात ठेवला. "झालं ते इथं आहे. सगळं बसायला पाहिजे की अक्का. नाहीतर घेऊच नका."

मी आमच्या थंड खोलीत परत गेले आणि माझी चार पानं फाडली. लगेच नाही. आधी थोडा वेळ अर्जाचा विचार केला.

सॉफ्टवेअर विकणारा टाय लावून आला, तेव्हा मी अण्णांनाही बोलावलं. त्यानं पर्सनलमध्ये भरपूर मावतं असं सांगितलं. अण्णांनी विचारलं, "भरपूर म्हणजे किती?" तो म्हणाला, अगदी पुष्कळ. अण्णा म्हणाले, "भरून बघू की." विक्रेत्यानं चाचणीसाठी पर्सनल आणि प्रोफेशनल दोन्हींच्या फ्लॉपी ठेवल्या. मी एक प्रोग्रॅम लिहिला. कार्डांसारखेच आकडे तो वर्षामागून वर्ष भरत जाई. अण्णा शेजारी वही घेऊन बसले. एक वर्ष भरलं की ते एक रेघ मारत. पर्सनल तेरा वर्षांवर थांबली. पडद्यावर इंग्रजीत निरोप आला. अण्णांनी तो शब्दशः वहीत उतरवला आणि खाली लिहिलं: तेरा बसली. नऊ बाहेर.

मग प्रोफेशनल. दुसऱ्या विभागातून उसनी आणलेली मेमरी पीसीत घातली. बावीसच्या बावीस वर्षं आत गेली. सगळ्यांमधून शोध घ्यायला पीसीला अकरा मिनिटं लागली. मी शरमून म्हटलं, हे फार हळू आहे, एंटरप्राइझवर काही सेकंदांत झालं असतं.

अण्णा वहीत रेघ मारत म्हणाले, "बावीस वर्षं थांबलेत. अकरा मिनिटं थांबतील."

निर्णयासाठी बैठक झाली. वरदराजनसाहेब, आमचे साहेब, दवाखान्याच्या डॉक्टर वसुंधरा, मी आणि अण्णा. डॉक्टर वसुंधरा कारखान्यात नवीन होत्या, आणि अण्णांनी त्यांना आधीच बसप्पाची बावीस कार्डं दाखवली होती. बैठकीच्या सुरुवातीलाच अण्णा म्हणाले, "इतिवृत्त अक्का लिहितील. त्यांचं अक्षर चांगलं आहे." माझं अक्षर फार वाईट आहे. पण वही माझ्यापुढं आली.

वरदराजनसाहेबांनी नेहमीच्या हळू आवाजात सांगितलं, की पाच वर्षांपलीकडच्या नोंदींची आवश्यकता नाही.

अण्णा म्हणाले, "ऐकू आलं नाही साहेब."

साहेबांनी पुन्हा सांगितलं. अण्णांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, साहेब म्हणाले ते लिहून घ्या, मी वाचतो."

मी लिहायला घेतलं. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. "फोर्ज शॉपच्या कामगारांच्या कानांच्या पाच वर्षांपूर्वीच्या नोंदींची कारखान्याला आवश्यकता नाही," असं मी मोठ्यानं वाचलं, "असं श्री. वरदराजन म्हणाले." आणि विचारलं, "बरोबर लिहिलंय ना साहेब?"

डॉक्टर वसुंधरांनी चष्मा काढून पुसला. वरदराजनसाहेब म्हणाले, इतकं तपशिलात लिहायला नको. माझ्याकडे बघत ते म्हणाले, की आपला विरोध कशालाच नाही, फक्त खोलीच्या जागेचा प्रश्न आहे. मग ते वाक्य खोडलं गेलं आणि त्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य आलं: "सर्व नोंदी बसतील अशी आवृत्ती घ्यावी आणि ती दवाखान्याच्या पीसीवर ठेवावी." चौघांनी सह्या केल्या. अण्णांना सही मागितली नव्हती, पण त्यांनी केली. बाहेर आल्यावर आमचे साहेब मला म्हणाले, की तुझ्या अक्षरात हे वाचता येईल असं वाटत नाही. अण्णा म्हणाले, "मी टाइप करून घेतो."

कार्डं चढवायला आठ महिने लागले. एजन्सीकडून आलेल्या दोन टायपिस्ट मुली टाइप करत आणि अण्णा मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांचं मोठ्यानं वाचणं म्हणजे बहिऱ्या माणसाचं मोठ्यानं वाचणं. दवाखान्यात रक्तदाब मोजायला आलेल्या लोकांचा रक्तदाब त्या आठ महिन्यांत जास्त यायचा, असं नर्स सांगत. आकड्यांच्या मध्ये त्यांची टीप असे: "चाळीस. पंचेचाळीस. साठ. हा मुनियप्पा, याची बायको सांगायला आली होती, दार वाजलं तरी उठत नाही. सत्तर. पंच्याहत्तर. हा देवनहळ्ळीहून दोन बस बदलून यायचा. एकदा मागून आलेल्या लॉरीचा हॉर्न ऐकला नाही. पाय गेला. पुढचं कार्ड." मुलींनी टिपा टाइप केल्या नाहीत. आज वाटतं, करायला हव्या होत्या.

शेवटचं कार्ड चढल्यावर डॉक्टर वसुंधरांनी सांगितल्याप्रमाणे मी शोध लिहिला: ज्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या तपासणीत मोठा फरक आहे, अशा फोर्ज शॉपच्या सगळ्या माणसांची नावं. पीसी अकरा मिनिटं विचार करत बसला. दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो. मग प्रिंटर सुरू झाला आणि कागद जमिनीवर घडी होऊन पडत राहिला. पहिल्या पानावर बसप्पा होता. दुसऱ्यावर हनुमंतप्पा. डॉक्टर वसुंधरा जमिनीवर बसूनच वाचायला लागल्या.

मी यादी दोनदा पाहिली. मग तिसऱ्यांदा, नावं बोटानं दाबत. त्यात नागोजी अण्णा नव्हते.

मला वाटलं माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. मी त्यांचं कार्ड शोधलं. पहिला क्रमांक, मशीनवर पहिल्यांदा बसलेला माणूस. डावा कान: काही नाही. बाविसाव्या वर्षीचं कार्ड. डावा कान: काही नाही. उजव्या कानाचे आकडेही तेच. फरक शून्य. दहा वर्षं घणावर झाल्यानंतर मशीन आलं होतं. जे व्हायचं ते मशीन यायच्या आधीच होऊन गेलं होतं, आणि ते कुठल्याही कार्डावर नव्हतं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले. "अण्णा, तुमचं नाव आलं नाही."

"नाही येणार," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझं कार्ड मीच पहिलं घातलं की. पहिल्या दिवशी. बघितलं ना."

"मी अट बदलते," मी म्हटलं. "मशीन यायच्या आधी जे घणावर होते त्यांचीही नावं येतील असं करते. दोन ओळींचं काम आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी राग पाहिला नव्हता, तेव्हाही नव्हता. पण ते नेहमीपेक्षा हळू बोलले, जवळजवळ वरदराजनसाहेबांएवढं. "नका. आत्ता त्या यादीत जे आहे ते सगळं कार्डावर आहे. एक नाव आपण घातलं, की ते म्हणतील यादी बनवलेली आहे. मग हनुमंतप्पाचंही जाईल."

मी कॉफी आणते असं सांगून बाहेर गेले आणि बराच वेळ कॉफी न घेता परत आले. त्यांनी कॉफी कुठं आहे असं विचारलं नाही.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं, पण झालं. डॉक्टर वसुंधरांनी यादीवर सही करून ती वर पाठवली आणि एक प्रत कामगार खात्याला दिली. वर्षभर पत्रं चालली. मोठ्या घणांभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. कानांवर लावायची साधनं आली, आणि ती लावली नाहीत तर गेटवर अडवायला लागले. कान गेलेल्यांना भत्ता न कापता दुसरीकडे काम मिळालं. यादीतल्या बहुतेकांना भरपाई मिळाली. अण्णांसारखे मशीनच्या आधीचे जे पंधरा-वीस लोक होते, त्यांच्यासाठी डॉक्टरांनी वेगळं पत्र लिहिलं. उत्तर आलं, की नुकसान कारखान्यात झाल्याची नोंद उपलब्ध नाही. अण्णांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. नोंद नाहीच." मग त्याला भोक पाडून ते फाइलला लावलं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात वरदराजनसाहेबांनी त्यांच्यावर चांगलं भाषण केलं, नेहमीच्याच आवाजात. अण्णा शेवटपर्यंत उजवा कान पुढं करून ऐकत होते. मी नंतर विचारलं, काय म्हणाले? "काही कळलं नाही," म्हणाले, "पण चांगलं बोलत असावेत. हसत होते." मीही त्यानंतर कारखाना सोडला. बंगलोरमध्येच दुसरी नोकरी धरली. मुलाखतीत मला विचारलं होतं, एंटरप्राइझ आवृत्तीचा अनुभव आहे का. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, प्रोफेशनलमध्ये जास्तीत जास्त किती डेटा ठेवलाय? मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी थांबवेपर्यंत सांगत राहिले.

तीन वर्षांनी अण्णा गेले. झोपेतच. मला उशिरा कळलं, म्हणून मी तेराव्याला गेले. यशवंतपूरला बाजारामागच्या गल्लीत शिरल्यावर मला घर शोधावं लागलं नाही. आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता.

फोर्ज शॉपचे लोक आले होते. निवृत्त झालेले, पांढऱ्या लुंग्या नेसलेले, तीस-चाळीस जण. कुणी देवनहळ्ळीहून, कुणी त्याच्याही पलीकडून. ते अंगणात सतरंजीवर बसून एकमेकांचं सांत्वन करत होते, आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते ओरडून करत होते. "फार चांगला माणूस होता!" एक जण ओरडला. "काय?" दुसरा ओरडला. "माणूस! चांगला होता!" बसप्पा होता. हनुमंतप्पा होता; तो रडत होता आणि तेही मोठ्यानं. शेजारची माणसं गच्च्यांवर येऊन उभी होती, पण कुणी गप्प बसा म्हणत नव्हतं.

अण्णांच्या पत्नी दारात आल्या. बारीक चणीच्या बाई. आयुष्य एका बहिऱ्या माणसाबरोबर काढलेलं, पण त्या दिवशी त्यांच्यात आवाज उरला नव्हता. त्यांनी पदर सावरला, सगळ्यांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. अंगणातल्या लोकांनी त्यांचे ओठ हललेले पाहिले. सगळे एकदम गप्प झाले, आदरानं माना हलवल्या, आणि मग एकेक जण जायला उठू लागला. त्यांना वाटलं, बाईंनी निरोप दिला.

बाई गोंधळून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहायला लागल्या. त्या अंगणात धड ऐकू येणारी मी एकटीच होते. मी पायरीवर चढले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "ऊट माडकोंडु होगबेकंते! जेवून जायचं म्हणतायत!"

हनुमंतप्पानं ऐकलं. त्यानं मागच्याला हात धरून खाली बसवलं, त्यानं त्याच्या मागच्याला. पानं वाढायला घेतली.